हवेच्या नळातलं पाणी

कंप्रेसरचा आवाज शेजाऱ्यांना सोसत नाही, म्हणून तो मागच्या शेडमध्ये. हवा मात्र लागते पुढच्या खोलीत, जिथे लेथ आहे आणि कोपऱ्यात स्प्रे पेंटिंग चालतं. मधे चाळीसेक फुटांचं अंगण, फणसाचं झाड आणि कपड्यांच्या दोऱ्या. मुलुंड पश्चिमेला अशी अंगणवाली बैठी घरं आता शोधावी लागतात. या घरचे काका लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. याच रस्त्यावर हवेवर चालणारी अवजारं बनवणाऱ्या कन्सॉलिडेटेड न्यूमॅटिक टूल कंपनीचा कारखाना होता. आता बऱ्याच कारखान्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, पण ‘सात किलोवर ठेव’ म्हटलं की ते वजन नसून प्रेशर आहे, हे समजणारी जुनी माणसं इथे अजून भेटतात.

पुतण्याचं म्हणणं होतं, प्लास्टिकचा पाइप जमिनीतून नेऊ, दिसणारही नाही. काकांनी दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याचा नळ फुटला की दाब तिथल्या तिथे संपतो. दाबलेली हवा मात्र उसळून बाहेर येते आणि पीव्हीसीच्या ठिकऱ्या सुऱ्यांसारख्या उडवते. त्यातून उन्हाने तो पाइप कडक झालेला असला तर विचारूच नका. आणि जमिनीतून न्यायचा तर २६ जुलै २००५ आठवावी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. कंप्रेसर तेव्हापासून दीड फुटाच्या ओट्यावर बसवला आहे. लाइन मग वरूनच, एक इंची जीआय पाइपाची, भिंतीला क्लॅम्प मारून आणि अंगणावरून लोखंडी अँगलच्या आधाराने.

अर्धा इंची का नाही? हवा तेवढीच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला, तर वाटेतला दाबाचा तोटा दुपटीने नव्हे, साधारण तीस पटीने कमी होतो. आल्प्समधल्या मों सनीच्या बोगद्यात १८६१ पासून हवेवरची ड्रिलं वापरली गेली, तेव्हा एवढ्या लांब नळातून दाब टिकणार नाही, असं म्हणणारे बरेच होते. १८७१ मध्ये त्या बोगद्यातून गाड्या धावू लागल्या. नळाचं तोंड पुरेसं रुंद असेल तर चाळीस फूट म्हणजे काहीच नाही.

खरी डोकेदुखी पाण्याची. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जेमतेम ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैतली मुंबईची हवा त्या मर्यादेच्या जवळपासच असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरमध्ये कोंबली की गेज सात किलोच्या आसपास येतो. आत आलेली वाफ दोनशे ग्रॅमच्या वर, मावणार तीसच. बाकीचं पाणी होणार. ते सगळं टाकीतच झालं असतं तर बरं होतं. पण पंपातून हवा शंभर अंशांच्या पुढे तापून बाहेर पडते, टाकीत शिरल्यावरही गरमच असते, आणि गरम हवा पाणी धरून ठेवते. अंगणातल्या पाइपावर पावसाची झड बसली की ती निवते आणि पाणी नेमकं तिथे सोडते. काकांचा कंप्रेसर ३ हॉर्सपॉवरचा. पावसाळ्यात तो सलग चालला तर तासाला पाव लिटरहून जास्त पाणी तयार होतं. ते स्प्रे गनपर्यंत पोचलं की रंगावर फोड.

म्हणून सगळी लाइन उताराची. शंभराला एक, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच इंच, आणि तोही हवा जाते त्याच दिशेला. पारदर्शक नळीत पाणी भरून काकांनी दोन्ही भिंतींवर खुणा केल्या. प्रत्येक टी त्यांनी तोंड वर करून बसवला. तिथून पाइप आधी वर जातो, वळतो आणि मग खाली उतरतो, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी त्यात शिरत नाही. उतरत्या पाइपाला कमरेच्या उंचीवर फाटा काढून फिल्टर आणि रेग्युलेटर. मूळ पाइप मात्र तसाच फूटभर खाली, शेवटी बॉल व्हॉल्व्ह. पाणी त्या फूटभरात साचतं. ‘त्याला त्याची जागा दिली की ते त्रास देत नाही,’ काका म्हणाले आणि सुताला सफेदा लावून आट्यांवर गुंडाळू लागले. टेफ्लॉन टेपवर त्यांचा विश्वास नाही. मला तो हट्ट वाटतो, पण जोड त्यांचा गळत नाही.

कंप्रेसर ते पाइप मात्र रबरी होज, नाहीतर थरथरीने पहिलाच जोड सैल होतो. लाइनची चाचणी आधी हातपंपाने पाणी भरून. मग ते काढून हवा सोडली आणि रंगाच्या ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. हे किरकोळ वाटतं, पण सात किलोवर तीन मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे २५ घनफूट हवा निसटते. हा कंप्रेसर तेवढी बनवतही नाही. एका युनियनवर बारीक बुडबुडे आले. दाब उतरवून काकांनी ते उघडलं, तोंडं पुसली आणि पुन्हा आवळलं.

तळातून निघणारं पाणी तेलामुळे दुधाळ असतं. ते गटारात नाही, डब्यात जातं. पुतण्याला स्वयंचलित ड्रेन हवा आहे. काकांना रोज संध्याकाळी हाताने कॉक उघडायचा आहे, कारण किती पाणी आलं ते कळतं. वाद मिटलेला नाही. मधल्या एका टीला सध्या प्लग मारला आहे. लाइन चालू झाल्याचं कळताच शेजारचे स्कूटर घेऊन आले. टायरला लागते दोन किलोची हवा आणि लाइनमध्ये आहेत सात, म्हणून तिथे वेगळा रेग्युलेटर बसेपर्यंत त्यांना पेट्रोल पंपावरच जायला सांगितलं आहे.