युरोपचा रेल्वे पास: आधी मार्ग, मग खरेदी

एकाच पासवर ३३ देशांतल्या रेल्वेगाड्यांतून हिंडण्याची सोय म्हणजे युरेल. युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठी तो १९५९ साली निघाला. खुद्द युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ मध्ये इंटररेल आला, तोही सुरुवातीला फक्त २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी. या दोन पासांत फरक आहे तो वास्तव्याचा, नागरिकत्वाचा नाही. म्युनिकमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या मुलीला इंटररेल घ्यावा लागतो आणि तिला भेटायला येणाऱ्या आईवडिलांना युरेल. तिघे एकाच डब्यातून फिरू शकतात. मात्र इंटररेलच्या ग्लोबल पासवर राहत्या देशातला प्रवास जाण्यापुरता एकदा आणि परतण्यापुरता एकदा, एवढाच करता येतो.

ग्लोबल पास दोन प्रकारांत मिळतो. सलग पासवर १५ किंवा २२ दिवस, अथवा एक, दोन किंवा तीन महिने रोज प्रवास करता येतो. दुसऱ्या प्रकारात ठरावीक मुदतीतले मोजके प्रवासदिवस मिळतात, उदाहरणार्थ एका महिन्यात कोणतेही ७ किंवा दोन महिन्यांत कोणतेही १०. एखाद्या शहरात दोन-तीन रात्री राहून पुढे जाणाऱ्या कुटुंबाला हाच सोयीचा. १२ ते २७ वर्षांच्या तरुणांना आणि साठी गाठलेल्यांना सवलत आहे. प्रौढाबरोबर ४ ते ११ वर्षांच्या दोन मुलांचा पास मोफत निघतो, पण तो काढावा लागतोच.

प्रवासदिवस मध्यरात्री सुरू होतो आणि पुढच्या मध्यरात्री संपतो. त्या चोवीस तासांत कितीही गाड्या बदलता येतात. रात्रीच्या गाडीचा हिशेब वेगळा. सोमवारी संध्याकाळी व्हिएन्नाहून निघून मंगळवारी सकाळी रोमला उतरले, तर फक्त सोमवार खर्ची पडतो. मंगळवारी उतरल्यावर पासवर दुसरी गाडी पकडली, की मंगळवारही मोजला जातो. बर्थचे पैसे अर्थातच वेगळे.

पास घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज आरक्षणाबाबत असतो. पास म्हणजे प्रवासभाडे. त्यात जागेची हमी नाही. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा आणि स्पेनची एव्हीई या वेगवान गाड्यांत आरक्षणाशिवाय चढताच येत नाही, आणि ते शुल्क दर वेळी, दर माणशी मोजावे लागते. लंडन-पॅरिस मार्गावरच्या युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी मोजक्याच जागा असतात. गाडीत आसने रिकामी असली तरी हा कोटा संपलेला असू शकतो, आणि मग पूर्ण तिकीट काढण्यावाचून इलाज नसतो. फ्रान्समधल्या विगो या स्वस्त गाड्यांत तर पास चालतच नाही.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांत चित्र अगदी उलट आहे. तिथल्या देशांतर्गत गाड्यांना बहुतेक ठिकाणी आरक्षणाची सक्ती नाही. फलाटावर यावे आणि चढावे. भारतासारखा वेगळा जनरल डबाही नसतो. आसनावरच्या छोट्या पट्टीवर किंवा पडद्यावर ते कुठून कुठपर्यंत राखलेले आहे हे दिसते. काही लिहिलेले नसेल तर खुशाल बसावे. पासचे खरे सुख याच पट्ट्यात आहे.

म्हणून मार्ग आखताना हाच पट्टा मध्यभागी ठेवावा. झुरिक, म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन, अॅमस्टरडॅम अशी साखळी घेतली, तर सात शहरे सहा प्रवासदिवसांत जोडली जातात. म्युनिक ते व्हिएन्ना हा टप्पा नीट पाहण्यासारखा आहे. सकाळी निघून पावणेदोन तासांच्या आसपास साल्झबुर्गला उतरावे, स्टेशनवरच्या लॉकरमध्ये बॅगा ठेवाव्यात, जुने शहर आणि किल्ला पाहावा आणि संध्याकाळच्या गाडीने अडीच तासांत व्हिएन्ना गाठावे. एका प्रवासदिवसात दोन शहरे झाली आणि एका रात्रीचे हॉटेलही वाचले. प्राग ते बर्लिन या प्रवासात ड्रेस्डेनच्या आधी रेल्वे एल्ब नदीच्या काठाने, उंच खडकांच्या पायथ्याशी धावते. ही गाडी दिवसाउजेडीच धरावी.

सात दिवसांच्या पासमधला उरलेला सातवा दिवस स्वित्झर्लंडला द्यावा. तिथली सुटी तिकिटे महाग असल्याने पासचे पैसे तिथे लवकर वसूल होतात. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोकडे जाणारी बर्निना रेल्वे २,२५३ मीटर उंचीवरची खिंड ओलांडते आणि ब्रुसिओला गोल फिरणाऱ्या कमानी पुलावरून खाली उतरते. काचेच्या छताच्या बर्निना एक्सप्रेसला आरक्षण लागते. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीत पासधारक आरक्षणाशिवाय बसतो आणि तिच्या खिडक्या उघडताही येतात. फोटोंची हौस असणाऱ्यांनी साधीच गाडी निवडावी. युंगफ्राउसारख्या पर्वतरेल्वेवर मात्र पासने केवळ सवलत मिळते. सगळी सहल स्वित्झर्लंडचीच असेल, तर बस, बोटी, शहरांतल्या ट्रॅम आणि संग्रहालये सामावून घेणारा स्विस ट्रॅव्हल पास बहुधा सरस ठरतो.

मार्ग कागदावर उतरला की हिशेब सोपा आहे. पासच्या किमतीला प्रवासदिवसांनी भागावे, त्या-त्या दिवसाचे आरक्षण-शुल्क मिळवावे आणि रेल्वे कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या आगाऊ तिकिटांशी तुलना करावी. आगाऊ तिकीट पुष्कळदा स्वस्त निघते, पण ते सहसा ठरलेल्या गाडीलाच बांधलेले असते. एका तासाच्या जवळच्या प्रवासावर प्रवासदिवस खर्चू नये. त्याचे साधे तिकीट काढावे. शहरांतल्या मेट्रो आणि बससाठीही एरवी वेगळेच तिकीट लागते.

पास आता मोबाइलवर मिळतो. रेल प्लॅनर अॅपमध्ये गाडी नोंदवून त्या दिवसाचा पास चढण्यापूर्वी सुरू करावा. तपासनीस त्याचा कोड पाहतो आणि पासपोर्टही मागू शकतो. जर्मन फलाटांवर ए, बी, सी अशी अक्षरे टांगलेली असतात आणि कोणता डबा कोणत्या अक्षरासमोर थांबेल हे फलकावर दिसते. काही गाड्या वाटेत दुभंगून दोन दिशांना जातात, त्यामुळे गाडीसोबत डब्यावरचे गावाचे नावही वाचावे. गाडी बदलायला किमान अर्धा तास हाताशी ठेवावा. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर पोहोचल्या. अशा वेळी आरक्षणाच्या कटकटीविना पुढच्या गाडीत बसता येणे हा पासचा मोठा आधार.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. वरची साखळी संपूर्ण शेंगेनमध्ये मोडते, म्हणून एक व्हिसा पुरतो. लंडन जोडले की ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे रात्रींची वाटणी आधीच पक्की हवी. पास मात्र व्हिसा हातात आल्यावरच घ्यावा. सहलीत दोन-तीनच शहरे असतील आणि तारखा पक्क्या असतील, तर पासच्या वाटेला न जाता वेळेत सुटी तिकिटे काढणे उत्तम.