जायला आठ तास, यायला सात!

लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर आहे. जाताना जेवढे, तेवढेच येताना. तरीही प्रवासी विमानाला लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात आणि परतीचा प्रवास सातएक तासांत संपतो. असे का व्हावे?

तुमच्यापैकी कोणी चटकन म्हणेल, "पृथ्वी फिरते म्हणून!" पण थोडा विचार करा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि न्यूयॉर्क लंडनच्या पश्चिमेला आहे. मग विमान हवेत असताना न्यूयॉर्कच त्याच्याकडे सरकत येईल आणि जाण्याचा प्रवास लवकर संपेल! प्रत्यक्षात घडते नेमके उलट. कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते. धावत्या आगगाडीत चेंडू वर उडवला, तर तो मागच्या बाकावर न पडता आपल्याच हातात येतो, तसेच हे.

खरे कारण आहे वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण व थंड प्रदेशांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे भ्रमण यांमुळे ते निर्माण होतात. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात आहे, पण असा आडवळणाने!

नदीत प्रवाहाबरोबर पोहणारा भरभर पुढे जातो, प्रवाहाविरुद्ध पोहणारा दमतो. विमानाचेही तसेच. समजा, हवेत त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि वारा ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहतो आहे. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीच्या मानाने विमानाचा वेग १,००० होईल, तर वाऱ्याविरुद्ध ८००. मग ५,५०० किलोमीटर जायला ६ तास ५२ मिनिटे आणि यायला ५ तास ३० मिनिटे लागतील. धावपट्टीवरचा आणि चढण्या-उतरण्याचा वेळ वेगळा.

फेब्रुवारी २०२०मध्ये जेट प्रवाह फारच जोरात होता. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या मानाने त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरहून अधिक होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेगही यापेक्षा कमी असतो. मग या विमानाने ध्वनीला मागे टाकले का? नाही. भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने उडत होते. हवाच त्याला घेऊन धावत होती.

म्हणूनच विमानात इंधन भरताना नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, त्या दिवशीचा वाराही पाहावा लागतो. अटलांटिकवरचे हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज घेऊन रोज आखले जातात. पूर्वेकडे जाणारी विमाने शक्यतो जेट प्रवाह गाठतात, पश्चिमेकडे जाणारी तो टाळतात.

आता एक गंमत. जाताना गमावलेला वेळ येताना पुरता भरून निघतो का? वर दिलेल्या हिशेबात जाऊन-येऊन १२ तास २२ मिनिटे लागली. वारा मुळीच नसता तर १२ तास १३ मिनिटेच लागली असती. म्हणजे ९ मिनिटांचा तोटाच! कारण वारा विरोधात असतो तेव्हा विमान त्यात जास्त वेळ राहते आणि मदतीला असतो तेव्हा कमी वेळ.

वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटर धरून हाच हिशेब तुम्ही करा. वारा दुप्पट झाला की तोटाही दुप्पटच होतो का, ते पाहा.