करवंदीचें कुंपण

चंदगड भागांत मृगापासून पाऊस कोसळतो, परंतु जांभ्याच्या तांबड्या जमिनींत तो थांबत नाहीं. चैत्रांत विहिरी तळ गाठतात. अशा वेळीं घागर अंगणांतील कलमी गुलाबास घालावी कीं गोठ्यांतील जनावरांपुढें ठेवावी, हा प्रश्न आम्हांस दरसाल पडे. अखेर आम्हीं गुलाब सोडला व बांधावर करवंदी लाविली. तिचीं पांढरीं फुलें सुवासांत जुईच्या मागें नाहींत.

वैशाखांत पिकलेलीं करवंदें कुसकरून बीं धुवावें व सावलींत निथळवून लगेच पेरावें. ठेवलेलें बीं नीट रुजत नाहीं. रोपें फार सावकाश वाढतात, आणि येथेंच पुष्कळांचा धीर सुटतो. दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभीं तीं ३-३ फुटांवर लावावीं. पहिल्या उन्हाळ्यांत आठवड्यास तांब्याभर पाणी व बुडाशीं पालापाचोळा द्यावा. पुढें शिंपण्याची गरज नाहीं. मोठ्या झुडपास चिकामुळें व कांट्यांमुळें गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. गवा मात्र या कुंपणास जुमानीत नाहीं, तो भ्रम कोणीं बाळगूं नये. छाटणी फळें उतरल्यावर, पावसाच्या तोंडीं करावी. आधीं केल्यास मुलांचा रानमेवा बुडेल.