रेल्वे सदृशीकारकाची स्मृतिमर्यादा

रेल्वे एंजिन चालविण्याचा अनुभव संगणकाच्या पडद्यावर निर्माण करणाऱ्या आज्ञावलीस रेल्वे सदृशीकारक म्हणतात. रूळमार्ग, सिग्नल, स्थानके, डबे व भोवतालचा भूप्रदेश यांचे वर्णन संगणकाच्या स्मृतीत साठवून तीवरून क्षणोक्षणीचे दृश्य तयार केले जाते. जुन्या सदृशीकारकांत एक विलक्षण अडचण आढळते : संगणकात ८ किंवा १६ गिगाबाइट स्मृती बसविलेली असली, तरी आज्ञावली तीपैकी २ गिगाबाइटच वापरू शकते आणि तेवढी संपताच, बाकीची स्मृती रिकामी असूनही, कित्येक तासांचा प्रवास मध्येच बंद पडतो. या मर्यादेचे मूळ स्मृतीच्या आकारमानात नसून स्मृतिस्थानांना पत्ते देण्याच्या पद्धतीत आहे.

स्मृतीची गरज : मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर (२००१) या सदृशीकारकात भूप्रदेश २,०४८ मी. बाजूच्या चौरस फरशांत विभागलेला असतो. प्रत्येक फरशीवर ८ मी. अंतराने २५६ × २५६ बिंदूंची उंची नोंदलेली असते. प्रत्येक नोंदीस २ बाइट लागत असल्याने एका फरशीस १२८ किलोबाइट पुरतात. गाडी पुढे जाते तशा पुढील फरशा स्मृतीत आणल्या जातात व मागील काढून टाकल्या जातात. एंजिनाभोवती सर्व बाजूंस एकेक फरशी ठेवल्यास ९, तर पाच-पाच फरशा (सु. १० किमी.) ठेवल्यास १२१ फरशा लागतात, म्हणजे दृश्याचे अंतर वाढले की लागणारी स्मृती स्थूलमानाने त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

तथापि खरा भार उंचीच्या नोंदींचा नसून वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढविल्या जाणाऱ्या चित्रांचा असतो. १,०२४ × १,०२४ बिंदूंच्या चित्रास, प्रत्येक बिंदूस ४ बाइट या हिशेबाने, ४ मेगाबाइट लागतात. दूरवरून पाहण्यासाठी त्याच्या उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या प्रतीही ठेवाव्या लागतात व त्यांमुळे सु. एक-तृतीयांश भर पडते. अशी ३८४ असंपीडित चित्रे २ गिगाबाइट जागा संपूर्णपणे व्यापतात. एकाच नमुन्याचे पन्नास डबे एकच चित्र वापरू शकतात. मात्र निरनिराळ्या रंगसंगतीच्या डब्यांची मिश्र मालगाडी मोठ्या स्थानकात शिरली की स्मृतीची मागणी एकाएकी वाढते. त्यामुळे मोकळ्या माळावर सुरळीत चालणारे सदृशीकरण गजबजलेल्या जंक्शनाजवळ कोलमडते.

पत्त्यांची मर्यादा : ३२ बिटांच्या पत्त्याने २³² म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट, अर्थात ४ गिगाबाइट स्थाने दर्शविता येतात. विंडोज या परिचालन प्रणालीच्या ३२ बिट आवृत्तीत यांपैकी खालचा अर्धा भाग आज्ञावलीसाठी व वरचा अर्धा भाग प्रणालीसाठी राखलेला असतो. हे पत्ते आभासी असतात. ते ४ किलोबाइटच्या पानांच्या तक्त्याद्वारे प्रत्यक्ष स्मृतीशी जोडले जातात. म्हणून संगणकात स्मृतीच्या नव्या पट्ट्या बसविल्या, तरी एका आज्ञावलीच्या वाट्याचे पत्ते वाढत नाहीत. घरातील खोल्या वाढविल्या, पण किल्ल्या तेवढ्याच राहिल्या, असा हा प्रकार होय. शिवाय मोठ्या चित्रास सलग पत्ते लागतात. फरशा सतत आत-बाहेर होत राहिल्याने रिकामी जागा तुकड्यांत विखुरते आणि एकूण जागा शिल्लक असूनही सलग जागा मिळत नाही. यामुळे लांबच्या प्रवासाच्या अखेरीस बिघाडाचा संभव वाढतो.

मर्यादा वाढविणे : आज्ञावलीच्या फाइलीच्या आरंभीच्या माहितीत ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ नावाची एका बिटाची खूण असते. ती लावलेली असल्यास ६४ बिट विंडोजवर ३२ बिट आज्ञावलीस पूर्ण ४ गिगाबाइट पत्ते मिळतात. ३२ बिट विंडोजवर मात्र प्रणालीचा वाटा कमी करून जास्तीत जास्त ३ गिगाबाइट देता येतात व त्यासाठी प्रणालीच्या मांडणीतही बदल करावा लागतो. प्रणालीचा वाटा आक्रसल्याने चित्रप्रदर्शक यंत्रणेच्या चालक आज्ञावल्यांना जागा अपुरी पडण्याचा धोका असतो. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी रचलेले मार्ग चालवू शकणाऱ्या ओपन रेल्स या मुक्त सदृशीकारकाच्या पर्यायसूचीत ही खूण लावण्याची वा काढण्याची सोय देण्यात आली होती. इतर आज्ञावल्यांत संपादक साधनाने फाइलीतच बदल करतात. तत्पूर्वी मूळ फाइलीची प्रत राखून ठेवणे इष्ट असते, कारण फाइलीवरील अंकीय स्वाक्षरी अशा बदलाने निरर्थक होते.

ही खूण मुळातच सर्वांना का लावली गेली नाही, याचे कारण सुरक्षितता हे होय. २ गिगाबाइटपर्यंतच्या पत्त्यांत सर्वांत वरचा बिट नेहमी शून्य असतो. काही आज्ञावल्या या बिटाचा अन्य खुणांसाठी उपयोग करीत, तर काही पत्त्यांस धन-ऋण संख्या मानून त्यांची तुलना करीत. अशा आज्ञावलीस वरचे पत्ते दिल्यास ते ऋण संख्या समजले जाऊन चुकीचे परिणाम मिळतात. म्हणून आपण या पत्त्यांसाठी सज्ज आहोत, असे आज्ञावलीच्या रचनाकारानेच जाहीर करावे, अशी व्यवस्था ठेवण्यात आली.

६४ बिट रचना : या प्रश्नावरील कायमचा उपाय म्हणजे आज्ञावली ६४ बिट पत्त्यांसाठी पुन्हा बांधणे हा होय. ६४ बिट विंडोजवर अशा आज्ञावलीस ८ टेराबाइट, तर विंडोज ८.१ पासून १२८ टेराबाइट आभासी पत्ते मिळू लागले. डव्हटेल गेम्सच्या ट्रेन सिम्युलेटर या मालिकेत २०१८ साली ६४ बिट आवृत्ती आली. या बदलास काही किंमत मोजावी लागते. प्रत्येक पत्ता ४ ऐवजी ८ बाइट जागा घेतो आणि ३२ बिटांसाठी बांधलेले पूरक भाग ६४ बिट आज्ञावलीत जोडता येत नाहीत. त्यांचीही पुनर्बांधणी करावी लागते. मूळ रचनाकारांनी आज्ञावलीवरील काम थांबविले असल्यास हे शक्य होत नाही.

स्मृतीचा वापर वाढल्याने सदृशीकरणाचा वेग आपोआप वाढत नाही. दृश्याची गती प्रक्रियक व चित्रप्रक्रियक यांवरही अवलंबून असते. पत्ते वाढविण्याचा मुख्य लाभ स्थैर्य हा आहे. जेथे तो उपाय शक्य नसतो, तेथे दृश्याचे अंतर कमी करणे, चित्रांचे संपीडन करणे (काही पद्धतींत चित्र मूळच्या एक-अष्टमांश जागेत मावते) आणि एकाच प्रवासात निरनिराळ्या प्रकारचे डबे मर्यादित ठेवणे हे मार्ग उरतात. हौशी रचनाकारांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेले अनेक मार्ग जुन्या आज्ञावल्यांवर अवलंबून आहेत. ते पुढेही चालू राहावेत यासाठी अशा उपायांचे महत्त्व टिकून आहे.