गावची टाकी आणि तळहाताएवढा संगणक

टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहत असते, तरीही पंप चालूच असतो. उलटपक्षी विहीर तळाला गेलेली असते, कोरडा फिरणारा पंप बिघडतो आणि गावाला टँकरची वाट पाहावी लागते. ही दोन्ही दृश्ये ग्रामपंचायतींच्या परिचयाची आहेत. योग्य वेळी बटण दाबणारा हात तेथे नसतो, एवढेच त्यांचे कारण. हे काम तळहाताएवढ्या नियंत्रक संगणकाकडून करून घेता येते. मात्र त्याची जुळणी करताना कोणता विचार केला, यावर सारे अवलंबून असते.

अशा फलकांपैकी 'आर्डुइनो' हा शाळांतून विशेष परिचित आहे. इटलीतील इव्रेया या गावी एका अभिकल्प शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांना परवडेल असे साधन म्हणून तो २००५ साली तयार झाला. त्याचे नाव तेथील एका पानगृहावरून पडले, आणि त्या पानगृहाचे अकराव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजावरून! त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्याने अनेक उत्पादक तो बनवितात. केंद्र शासनाच्या अटल नवोन्मेष अभियानातील शालेय प्रयोगशाळांमुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांच्याही हाती तो आला. २०१० साली निघालेल्या 'ऊनो' या फलकावर एटीमेगा ३२८पी हा सूक्ष्मनियंत्रक असून आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती आहे. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत नियंत्रक बदलला. येथील माहिती त्यापूर्वीच्या फलकांची आहे.

आरंभीची जुळणी सोपी आहे. फलक यूएसबी तारेने संगणकाला जोडावा, विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीत फलकाचा प्रकार आणि जोडणीचे द्वार निवडावे, आणि फलकावरचा छोटा दिवा लुकलुकविणारी नमुना-आज्ञावली चढवावी. द्वार दिसतच नसेल तर प्रथम तार बदलून पाहावी. काही तारा केवळ विद्युत्भारणाच्या असतात. एकदा चढविलेली आज्ञावली वीज गेली तरी पुसली जात नाही. तिचे दोन भाग असतात. पहिला वीज येताच एकदाच पार पडतो, दुसरा वीज असेपर्यंत अखंड फिरत राहतो.

आता टाकीकडे वळू. टाकीत पाण्यावर तरंगणारा खटका, म्हणजे फ्लोट स्विच, बसवितात. टाकी भरल्यावर खटका मिटावा आणि पंप थांबावा, ही रचना कोणालाही स्वाभाविक वाटेल. परंतु टाकीपासून पंपघरापर्यंत आलेली तार उंदराने कुरतडली तर? खटका मिटल्याची खूण फलकाला कधीच मिळणार नाही आणि पंप चालत राहील. म्हणून रचना उलटी करावी. टाकीत जागा असेपर्यंत खटका मिटलेला असावा आणि भरताच उघडावा. फलकाच्या अंगी अशी सोय आहे की, आज्ञा दिल्यास रिकामी खूंटी आतील रोधामार्फत ५ व्होल्टच्या पातळीला ओढून धरली जाते. मिटलेला खटका तीच खूंटी शून्यावर आणतो. शून्य दिसले तरच पंप चालवावा, असा नियम केला की तुटलेली तार आणि भरलेली टाकी फलकाला सारखीच भासते, आणि पंप थांबतो. विहिरीतील खटकाही याच न्यायाने, पाणी असेपर्यंत मिटलेला ठेवावा. लाटांनी खटका हलतो, लांब तारेत बाहेरचे विद्युत्क्षोभ शिरतात. यास्तव काही सेकंद टिकलेली खूणच खरी मानावी. टाकी फार दूर असल्यास मात्र हा तारेचा मार्ग उपयोगाचा नाही.

दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ही युक्तीही फसते. त्यासाठी पंप सलग किती वेळ चालावा याची कमाल मर्यादा आज्ञावलीत घालावी लागते, आणि येथे नवशिके हटकून चुकतात. फलक वेळ मिलिसेकंदांत मोजतो. पाच मिनिटे म्हणजे ३,००,००० मिलिसेकंद. पण या फलकावरील साध्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, म्हणून वेळेसाठी चिन्हरहित दीर्घ पूर्णांक वापरावा. शिवाय हे घड्याळ सुमारे ५० दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. आताच्या वेळेतून आरंभाची वेळ वजा करण्याची पद्धत ठेवली, तर त्या क्षणीही हिशेब चुकत नाही.

खूंटीतून सुमारे २० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घेणे योग्य असते. मोटार तिला थेट जोडण्याचा प्रश्नच नाही. खूंटीने ट्रान्झिस्टर, त्याने रिले आणि रिलेने स्टार्टरची कॉइल चालवावी. स्टार्टरची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडेच सोपवावी. विद्यार्थ्यांनी मोटारीच्या जागी छोटा दिवा लावून हाच प्रयोग करावा.

वीज खंडित होऊन परत आली की आज्ञावली पहिल्यापासून सुरू होते. त्या वेळी सर्वत्र मोटारी एकदम चालू होऊन दाब खाली येतो, म्हणून पहिली काही मिनिटे पंप बंदच ठेवावा. आज्ञावली मध्येच अडकल्यास फलक आपोआप नव्याने सुरू करणारी पहारेकरी घड्याळाची सोयही नियंत्रकात आहे. ती वापरण्याचा कंटाळा करू नये.

काम ताब्यात घेण्यापूर्वी चालू पंपाच्या वेळी टाकीकडची तार ग्रामपंचायत सदस्यांसमक्ष सोडवून पाहावी. पंप थांबला नाही तर जुळणी अपुरी आहे. पेटीवर 'स्वयंचलित' आणि 'हाती' असा निवडखटका असावा आणि फलक बिघडल्यास कर्मचाऱ्याला पूर्वीप्रमाणे बटण दाबून गावाला पाणी देता आले पाहिजे.