जुन्या गेमिंग पीसीला नवीन ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी हे पाच हिशेब करा



कॉलेजात असताना हौसेनं गेमिंग पीसी घेतला आणि आता त्याच पीसीवर रोजीरोटी चालते, असे पुण्यात कितीतरी जण आहेत. रात्री गेम, दिवसा लग्नाचे व्हिडिओ, रील्स, लाइव्ह स्ट्रीमिंग. मशीन सात-आठ वर्षांचं झालं, अडकायला लागलं, की पहिला विचार येतो, ग्राफिक्स कार्ड बदलू. पंचवीस-तीस हजार जातात. कधी पीसी पळायला लागतो, तर कधी होता तसाच राहतो. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हे पाच हिशेब.

उदाहरणाला एक पीसी घेऊ : इंटेल आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस.

१. नक्की अडलंय कुठे?

गेम चालू असताना विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबा. गेम बार उघडेल, त्यात परफॉर्मन्सचा चौकोन असतो. जीपीयू सतत ९५ ते १०० टक्के असेल, तर कार्डच दमलंय. पण सीपीयू १०० वर आणि जीपीयू ५०-६० वर असेल, तर अडचण प्रोसेसरची आहे. नवीन कार्ड लावलंत तरी ते रिकामंच बसून राहील. रॅम काठोकाठ भरलेली दिसली, तर आधी ८ ची १६ जीबी करा.

अजून एक खात्री : गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. तरीही फ्रेम वाढत नसतील, तर कार्डाचा दोष नाही.

आणि हो, कॅबिनेट उघडून धूळ काढा. घराशेजारी बांधकाम चालू असेल तर पंख्यावर थर बसलेला सापडेलच. १०६० साधारण ८३ अंशांच्या आसपास गेलं की स्वतःहून वेग कमी करतं. साफसफाई आणि नवीन थर्मल पेस्ट यावर काम भागलं, तर तीस हजार वाचले.

२. तुमचा पीसी काय पेलेल?

मोठं कार्ड म्हणजे जास्त वीज, असं दरवेळी नसतं. २०१६ चं जीटीएक्स १०६० १२० वॅट घेतं. २०२३ चं आरटीएक्स ४०६० त्याहून बरंच वेगवान, पण घेतं ११५ वॅट. आरएक्स ६६०० ला १३२ आणि आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. ४०६० साठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तुमचा ४५० चा असेल, तोही जुना किंवा साध्या कंपनीचा, तर एसएमपीएसचा खर्च याच बजेटमध्ये धरा.

एसएमपीएसमधून ८ पिनची वायर येते का, ते बघा. कॅबिनेटमध्ये कार्डाला किती जागा आहे, ती पट्टीनं मोजा. आणि यूपीएस विसरू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. पावसाळ्यात लाइट गेली आणि रेंडर चालू असेल, तर काय होतं ते सांगायला नको.

३. कोणतं कार्ड टाळायचं?

आज ४ जीबीचं कार्ड घेऊ नका. फुल एचडी गेमिंगला किमान ८ जीबी, आणि फोरके एडिटिंग करत असाल तर १२ जीबी बघा.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते मदरबोर्डशी फक्त चार लेननं बोलतं. जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर त्याचा वेग चांगलाच पडतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्ट्रीमिंगला निरुपयोगी. इंटेलचं आर्क बी५८० छान आहे, पण त्याला रिसायझेबल बार लागतो. आपल्या आय५-७४०० सारख्या जुन्या मशीनवर ते नको.

४. सेकंडहँड घ्यायचं का?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. सगळीच खराब नव्हती, पण बाहेरून ओळखता येत नाहीत.

मीही एकदा बिलाशिवाय एक घेतलं होतं. तिसऱ्या आठवड्यात स्क्रीनवर रंगीत ठिपके आले, नेमके क्लायंटला फाइल द्यायच्या दिवशी. दुकानदारानं हात वर केले. बिलच नव्हतं, भांडणार कशावर?

म्हणून अर्धा तास समोर गेम चालवून बघा, सीरियल नंबर खोक्याशी जुळवा, वॉरंटी शिल्लक आहे का विचारा. जीटीएक्स १० सिरीज तर आता नकोच. ऑक्टोबर २०२५ नंतर तिला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

५. पैसे परत कसे येणार?

समजा कार्ड २९,५०० रुपयांचं. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,००० अधिक ४,५००. तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये नोंदणीकृत असाल, कार्ड धंद्यासाठी असेल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल, तर त्या ४,५०० चं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये मिळत नाही. आपल्या सीएला एकदा विचारा.

आता वेळ मोजा. महिन्याला ८ व्हिडिओ आणि प्रत्येकी दीड तास वाचला, तर १२ तास झाले. त्या १२ तासांत एक जास्तीचं काम घेणार असाल, तर कार्ड कमावतंय. नसाल, तर ती हौस आहे. हौस जरूर करा, पण घरच्या पैशातून, धंद्याच्या नाही.

शेवटचं. आय५-७४०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हा पीसी आज ना उद्या बदलायचाच आहे. त्यामुळे असं कार्ड घ्या, जे उद्या काढून नव्या मशीनमध्ये लावता येईल.

तपकीर गल्लीत जायच्या आधी एका कागदावर लिहा : जीपीयू किती टक्के, एसएमपीएस किती वॅट, कॅबिनेटमध्ये किती सेंटिमीटर, बजेट किती. हा कागद हातात असला की दुकानदार काय विकतोय यापेक्षा तुम्हाला काय हवंय, यावर बोलणं होतं.