अक्रोडाचा रंग सारखा करताना

आपल्याकडे 'वॉलनट' हा शब्द लाकडाच्या आधी रंग म्हणून आला. पॉलिशवाला सागवानी दरवाजाकडे बघून विचारतो, "नॅचरल ठेवायचं, की वॉलनट मारायचं?" म्हणजे सागावर गडद तपकिरी स्टेन. वॉलनट नावाचं लॅमिनेटही मिळतं आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं असतं. त्यामुळे खऱ्या अक्रोडाचं टेबल घरी आलं की माणूस चक्रावतो. एक फळी चॉकलेटी, शेजारची राखाडीकडे झुकणारी, आणि कडेला सायीच्या रंगाचा पट्टा. पहिली शंका येते ती फसवणुकीची. बहुतेक वेळा ती खोटी असते. अक्रोड असाच असतो.

खोडाच्या मधला भाग म्हणजे गाभा. तिथे झाड आयुष्यभर टॅनिनसारखी रंगीत द्रव्यं साठवत जातं, म्हणून तो तपकिरी. सालीलगतचा भाग रस वाहून नेण्याचं काम करत असतो. त्यात ही द्रव्यं साठलेली नसतात, म्हणून तो फिका. याला रसकाष्ठ म्हणतात, सुतार त्याला 'कच्चं लाकूड' म्हणतात. त्यातही जातीचा फरक आहे. अमेरिकेतला काळा अक्रोड गडद, थोडी जांभळट झाक असलेला. काश्मीरचा अक्रोड, जो आपण फोडून खातो त्याच झाडाचा, त्याहून फिका, करड्या-तपकिरी रंगाचा, मधूनमधून काळसर रेषा. काश्मीरमधले कारागीर एका झाडातही प्रती लावतात. मुळाजवळचं लाकूड सगळ्यात गडद, मग खोडाचं, आणि फांद्यांचं अगदी फिकं. नक्षीच्या वस्तूची किंमत ठरताना हे बघितलं जातं.

अमेरिकेतल्या गिरण्यांनी या दुरंगीपणावर उपाय काढला. ओली लाकडं बंद खोलीत वाफेवर ठेवायची. गाभ्यातला रंग थोडा पसरतो, पांढरा पट्टा तपकिरी होतो, माल कमी वाया जातो. पण गाभ्यातली जांभळट, हिरवट झाक मरते आणि सगळं एकाच मातकट छटेत येतं. म्हणून हवेत सावकाश सुकवलेल्या अक्रोडाला जाणकार जास्त पैसे मोजतात. सारखेपणा फुकट मिळत नाही, हे इथेच लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. आपल्याकडे सर्रास होतं ते असं, की रंग कमीजास्त दिसला की सगळ्या टेबलावर गडद स्टेन फासायचा. स्टेनमधली रंगाची पूड छिद्रांत आणि ओरखड्यांत बसते, रेषा झाकल्या जातात, आणि महाग लाकूड त्याच्याच नावाच्या लॅमिनेटसारखं दिसू लागतं. माझं मत स्पष्ट आहे. गाभ्याला हात लावायचा नाही. फक्त फिकं लाकूड गडदाच्या जवळ आणायचं.

त्यासाठी आधी काचपेपर. १२० नंबरपासून सुरुवात करून १८० किंवा २२० पर्यंत, आणि सगळीकडे सारखाच. एका फळीवर १५० ला थांबलात आणि दुसरीवर २२० पर्यंत गेलात, तर तोच रंग दोन ठिकाणी वेगळा बसणार. फळीच्या टोकाला तंतूंची तोंडं उघडी असतात, ती रंग जास्त पितात. तिथे आणखी बारीक पेपर मारा. घासून झालं की स्पिरिटनं ओला केलेला फडका फिरवा. ते ओलं असताना जो रंग दिसतो, तोच साधारण पॉलिशखाली दिसणार. कोरड्या लाकडाकडे बघून रंग ठरवू नका.

फिक्या पट्ट्याला स्टेन नको, डाय हवा. डाय द्रावणात पूर्ण विरघळलेला असतो, तंतूंत मुरतो, रेषा झाकत नाही. त्यातही मेटल कॉम्प्लेक्स प्रकारचा घ्या, तो उन्हाला जास्त टिकतो. पातळ करून दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात सुकू द्या, आणि गाभ्याच्या हद्दीवर जवळजवळ कोरड्या ब्रशनं रंग विरत न्या, म्हणजे सीमारेषा दिसत नाही. पाण्यातला डाय असेल तर तंतू उठतात. म्हणून आधीच एकदा पाण्याचा हात देऊन, सुकवून, हलका पेपर मारून घ्यावा. आणि हे सगळं आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर. त्यावर शेवटच्या पॉलिशचा हातसुद्धा मारून बघा.

मग चपड्याचा पातळ हात. आपली लाख या कामाला उत्तम. केशरी चपडा अक्रोडाला ऊब देतो, फळ्याफळ्यांमधला बारीकसारीक फरक बराचसा त्यातच मिटतो. पाण्यावर आधारित पारदर्शक पॉलिश थेट लावलं तर अक्रोड थंड, राखेसारखा दिसतो. तेच लावायचं असेल तर खाली मेण काढलेल्या चपड्याचा हात द्या.

नक्षीकाम असेल तर मात्र रंगाच्या भानगडीत पडू नका. कोरलेल्या फुलापानांत जागोजागी तंतूंची तोंडं उघडी असतात, डाय तिथे डागासारखा बसतो. मेण लावून घासणं बरं.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे. "काश्मीरच्या सहलीत आणलेलं टेबल आहे, वीस वर्षं त्यावर टेबलक्लॉथ होतं. काढलं तर मधे गडद चौकोन. घासून काढू का?"

नका काढू. बहुतेक लाकडं उजेडानं गडद होतात. अक्रोड उलटा, तो उजळत जातो, मधाच्या रंगाकडे. तुमचा चौकोन हा डाग नाहीच. तोच मूळ रंग आहे, उडालाय तो भोवतीचा. घासाल तर हाताच्या कामाचा वरचा थर जाईल, तो परत येत नाही. टेबलक्लॉथ काढून ठेवा, टेबल खिडकीजवळच्या उजेडात ठेवा, कडक उन्हात नाही, आणि काही महिने वाट बघा. चौकोन पूर्ण जाईलच असं नाही, पण बराच मिसळेल. तेवढ्या काळात त्यावर फुलदाणी मात्र ठेवू नका, नाहीतर एक गोल उमटेल.

आणखी एक, जाता जाता. काळा डाग दिसला आणि तो खिळ्याभोवती किंवा ओल्या लोखंडी भांड्याखाली असेल, तर ते लोखंड आणि टॅनिन मिळून झालेलं आहे. तो ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणानं निघतो. पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर पाण्यानं नीट पुसून घ्या, आणि सुकल्यावर तिथे घासताना तोंडाला मास्क. जवसाचं तेल लावणाऱ्यांनी तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.